बोन म्हणजे बन

वरकुटे, ता. इंदापूर
११ जानेवारी १९९६

ती. सुप्रियाताईस,
धाकट्या वैशूचा नमस्कार.

एक बातमी आहे आणि एक काम आहे. बातमी आधी सांगते. आमच्या थोरल्या दिरांचं, कुंडलिकदादांचं, लग्न झालं. तुला पत्रिका आली नाही म्हणून रागवू नकोस, पत्रिका छापल्याच नव्हत्या. बिरोबाच्या देवळात हार घातले आणि घरच्याच माणसांनी जेवून घेतलं. तुला माहीतच आहे, दादा एका कानानं ठार बहिरे आणि दुसऱ्यानं अर्धे. दहा वर्षं मुली बघून झाल्या, कुणी दिली नाही. यांना पुढं करून धाकट्याचं म्हणजे आमचं लग्न आधी उरकलं, तेव्हापासून दादा माझ्याशी बोलतानासुद्धा खाली बघायचे.

मुलगी बंगालची आहे. अंथुर्ण्याकडचा दत्तोबा म्हणून एक जण डाळिंबाच्या गाड्या कलकत्त्याला नेतो. या खेपेला हे त्याच्याबरोबर गेले होते, येताना हिला घेऊन आले. आई-बाप नाहीत, सुंदरबनाकडची आहे, चुलत्यानं लावून दिली, असं हे सांगतात. वय एकोणीस-वीस असेल. रंगानं सावळी, डोळे मोठे. आली त्या दिवसापासून भिंतीला पाठ लावून बसते. भाकरी खात नाही, भात दिला की खाते.

नाव विचारलं तर म्हणाली, "आन्ना." सगळे हसले. त्यात आमच्या गेलेल्या सासऱ्यांना सगळा गाव अण्णा म्हणायचा. त्यांच्या नावानं सुनेला हाक कशी मारायची? म्हणून सासूबाईंनी तिचं नाव सुमन ठेवलं. सुमन म्हटलं की ती बघत नाही.

आता काम. ती काय बोलते ते घरात कुणालाच कळत नाही. तू कॉलेजच्या लायब्ररीत आहेस. बंगाली शिकायचं एखादं पुस्तक मिळालं तर पाठव. मला पाचवा संपत आला, विहिरीवर जायचं बंद केलंय, दिवसभर आम्ही दोघीच घरात असतो. सासूबाई मागच्या दाराला बाहेरून कडी घालून रानात जातात. नवीन आहे, वाट चुकेल म्हणतात.

दाजींना नमस्कार.

तुझी
वैशू


जळोची, बारामती
१९ जानेवारी १९९६

चि. वैशूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाजी म्हणाले, बरं झालं, कुंडलिकरावांचं एकदाचं झालं. मी मात्र दोनदा वाचलं.

पुस्तक पाठवते आहे. एसटी स्टँडवरच्या दुकानात मिळालं, लहानसं आहे आणि हिंदीतून बंगाली शिकवतं. लिहिणाऱ्यानं ते प्रवाशांसाठी लिहिलंय, त्यामुळे धडे सगळे स्टेशनात, दुकानात, लॉजमध्ये, डॉक्टरकडे असे आहेत. घरात आलेल्या सुनेशी काय बोलावं याचा धडा नाही. बंगाली अक्षरं बघून घाबरू नकोस, खाली देवनागरीत उच्चार दिलेत. सुरुवातीला नियम आहेत ते नीट वाच. आपण जिथं 'अ' म्हणतो तिथं ते पुष्कळदा 'ओ' म्हणतात, आपला 'व' त्यांच्याकडे 'ब' होतो आणि 'स'चा बहुतेक 'श'. म्हणजे आपलं 'जल' तिचं 'जोल'. एवढं ध्यानात ठेवलंस तर निम्मे शब्द ओळखीचे निघतील.

आता मी विचारते त्याची उत्तरं दे. तिच्याकडचं लग्नाला कुणी होतं का? चुलता कुठल्या गावचा? गावाचं नाव कळलं तर मी पोस्टकार्ड टाकून बघते. आणि कडी बाहेरून कशाला? वाट चुकणाऱ्या माणसाला आपण वाट दाखवतो, कोंडत नाही.

इथं सराफ गल्लीत बंगाली कारागीर बसतात, दागिन्याचं बारीक काम करतात. त्यातला एक म्हातारा चांगला वाटतो. हवं तर त्याला घेऊन एखाद्या रविवारी येते. तो तिच्याशी बोलेल, तिलाही बरं वाटेल.

लोहाच्या गोळ्या घेतेस ना?

तुझी
ताई


वरकुटे
२ फेब्रुवारी १९९६

ती. ताईस,
नमस्कार.

पुस्तक मिळालं. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "भात खाबे?" ती माझ्याकडं बघतच राहिली. मग भडाभडा इतकं बोलली की मला त्यातला एक शब्द लागला नाही. मी पुस्तक चाळून जे सापडलं ते वाचलं, "एइ छातार दाम कोतो?" म्हणजे ही छत्री केवढ्याला. तेव्हा हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

आता रोज दुपारी आम्ही बसतो. मी धड्यातलं वाक्य वाचते, ती माझा उच्चार सुधारते. 'भोय नेइ' म्हणजे भिऊ नको, हे मला तिनंच शिकवलं. शिकवायचं खरं तर मी तिला होतं.

एक वाक्य ती रोज म्हणते. "आमार छोटो बोन कोथाय?" आमार म्हणजे माझं आणि कोथाय म्हणजे कुठं, हे स्टेशनच्या धड्यात मिळालं. छोटो आपलंच. राहिलं बोन. शेवटी शब्दांची यादी आहे, त्यात 'वन' पुढं 'बोन' लिहिलंय. तुझ्या नियमाप्रमाणेच, 'व'चा 'ब' आणि 'अ'चा 'ओ'. माझं छोटं बन कुठं आहे. सुंदरबनाची पोर, ताई, तिला झाडी आठवत असणार. इथं आमच्याकडं काय, ऊस आणि बाभळी.

सासूबाईंना सांगितलं तर त्यांनाही वाईट वाटलं. म्हणाल्या, "आपल्या डाळिंबाच्या बागंत न्हे तिला. तेवढंच बन आपल्याकडं." दादांनी बैलगाडी जुंपली. बागेपाशी उतरून मी तिला दाखवलं, म्हटलं, "एइ बोन." हे बघ बन. तर ती धावतच सुटली. या सरीतून त्या सरीत, झाडांच्या बुंध्याशी वाकून बघत, ओरडत, "खेंती, खेंती." साऱ्या ओळी संपल्या तशी मातीतच बसली. सासूबाई म्हणाल्या, "खंत करती बिचारी. खंत, खंत म्हनती." बंगालीतही खंतच म्हणतात का? यादीत नाही तो शब्द.

दादांनी दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या पाण्यावर तिच्यासाठी केळीचे दोन कोंब लावले. ती त्या कोंबांकडे बघतसुद्धा नाही.

हे घरी आले तेव्हा पुस्तक माझ्या हातात होतं. म्हणाले, "बंगाली कशाला शिकायची? तिनं शिकावी मराठी. हितं नांदायचंय तिला." आणि पुस्तक माळ्यावर टाकून दिलं. हे घरात नसले की मी ते काढते.

कारागिराला आणू नकोस. सासूबाई म्हणतात, परका माणूस घरात आला की गावात बोभाटा होईल. चुलत्याचं गाव यांना आठवत नाही. लग्नाला तिच्याकडचं कुणी नव्हतं.

वैशू


जळोची
१४ फेब्रुवारी १९९६

चि. वैशू,

हे पत्र मी तुझ्या नावानं न पाठवता अंगणवाडीच्या गोजरबाईंच्या नावानं पाठवते आहे. त्या तुझ्या हातात देतील. वाचून चुलीत घाल.

तुझं पत्र आल्यावर 'खंत' माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या लायब्ररीत संदर्भाच्या कपाटात एक मोठा बंगाली-मराठी शब्दकोश आहे. कुणा प्राध्यापकांनी निवृत्त होताना दिलेला. त्याची पानंसुद्धा कुणी फाडून मोकळी केली नव्हती, मी पट्टीनं एकेक फाडली. त्यात शब्द बंगाली लिपीत आणि अर्थ मराठीत. म्हणून आधी अक्षरं शिकले. जेवणाच्या सुट्टीत गिरवत बसते, पोरं हसतात.

कोश बाहेर नेता येत नाही, पण तुला काय सापडलं ते सांगते. तुझ्या लहान पुस्तकात 'बोन' एकदाच आहे. कोशात तो दोन ठिकाणी आहे. एक 'वन' असा लिहितात, एकाला मध्ये ओकार आहे. म्हणताना दोन्ही एकच, 'बोन'. पहिल्याचा अर्थ बन. दुसऱ्याचा अर्थ बहीण.

छोटो बोन म्हणजे धाकटी बहीण. ती झाडी मागत नव्हती, वैशू. तुम्ही तिला डाळिंबाच्या बागेत नेऊन सांगितलंत, ही बघ तुझी बहीण.

आणि खेंती असा शब्द कोशात नाही. जो शब्द कोशात नसतो आणि माणूस ओरडून म्हणतो, ते बहुधा नाव असतं.

तुझ्या मल्हाररावांना काही विचारू नकोस. तिला विचार. खाली वाक्यं लिहून देते, ती पाठ कर. "गाडीते कोयजोन मेये छिलो?" म्हणजे गाडीत किती मुली होत्या. "खेंती के?" खेंती कोण. "कोथाय नामलो?" कुठं उतरली. उत्तर जसं ऐकू येईल तसं लिहून पाठव, अर्थ लावायच्या भरीला पडू नकोस. अर्थ मी बघते.

ताई


वरकुटे
२५ फेब्रुवारी १९९६

ताई,

विचारलं. सासूबाई रानात होत्या, हे कारखान्यावर गेले होते. मी ते पहिलं वाक्य म्हटलं आणि तिनं माझं मनगट धरलं. "दुजोन." दोन बोटं वर केली. खेंती तिची बहीणच. उंची दाखवली, माझ्या खांद्याला लागेल एवढी. माझ्या खांद्याला, म्हणजे सातवीत असताना आपण होतो तेवढी.

एकाच गाडीतून दोघी आल्या. चहाला गाडी थांबली तिथं एक जीप उभी होती, त्यात खेंतीला बसवलं. कोथाय नामलो म्हटल्यावर तिनं हात पसरले, तिला ठाऊक नाही. मग एक वाक्य म्हणाली, तीनदा म्हणाली, माझ्या तोंडाकडं बघत. "तोमार शामी जाने."

तोमार म्हणजे तुझा. जाने म्हणजे जाणतो. हा शामी कोण? कुणाचं नाव असेल का? अंथुर्ण्याला वजनकाट्यावर एक शामराव आहे, दत्तोबाचं त्याच्याकडं येणं-जाणं असतं. पण ती 'तोमार' का म्हणते? तो माझा कोण लागतो? तू म्हणालीस अर्थ लावू नको, म्हणून जसं ऐकलं तसं लिहिलं. मोठ्या कोशात बघ.

अजून एक. परवा दत्तोबा येऊन गेला. ओट्यावर यांच्याबरोबर चहा घेतला. मी आतून ऐकलं. म्हणाला, "रुळंना का अजून? न्हाय रुळली तर पाडव्याच्या आत सांगा. ही परत न्हेतो, दुसरी आनून देतो." यांनी बशीत चहा ओतून घेतला. दादा शेजारीच बसले होते, दत्तोबाकडं बघून हसत होते. त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

परत म्हणजे कुठं परत, ताई? घरी नेणार असता तर मला भीती वाटली नसती.

वैशू


जळोची
४ मार्च १९९६

चि. वैशू,

तुझं पत्र मिळालं. 'शामी' शब्द कोशात मिळाला नाही. त्याचा नाद सोड. मल्हाररावांना काहीही विचारू नकोस, हे मी पुन्हा लिहिते आहे.

तुला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं आणि आई गेल्यापासून तुझं माहेर मीच. पाडव्याची वाट न बघता लगेच ये. सासूबाईंना सांग, डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली आहे, सोबत सुमनला पाठवा. दोघी या. एसटीत बसायच्या आधी गोजरबाईंना सांग, त्या सरपंचांच्या घरून मला कॉलेजवर फोन करतील, मी स्टँडवर उभी राहीन. इथं आल्यावर पुढचं पुढं बघू.

एक गोष्ट मी तुला न विचारता केली. सराफ गल्लीतल्या त्या म्हाताऱ्या कारागिराकडे गेले. तुमच्या घराचं नाव घेतलं नाही, फक्त दोन नावं विचारली. आन्ना म्हटल्यावर तो म्हणाला, पूर्ण नाव आन्नाकाली असणार. 'आर ना, काली.' आता नको, काली माते. मुलीवर मुली होऊ लागल्या की देवीला असं सांगून नाव ठेवतात. आणि खेंती म्हणजे 'क्षान्त', त्यांच्याकडे 'क्ष'चा 'ख' होतो. क्षान्त म्हणजे थांबलेलं. एकीचं नाव आता नको, दुसरीचं आता थांब.

तुझ्या सासूबाईंचं नाव नकोशी आहे ना? त्यांना एवढं सांग. बाकी काही सांगू नकोस.

लवकर ये.

ताई


वरकुटे
१३ मार्च १९९६

ताई,

तू मला खोटं लिहिलंस.

लॉजच्या धड्यात आहे. तिसरं वाक्य. खोली घेताना बाई काय म्हणते, "इनि आमार शामी." हे माझे पती. वर बंगालीत आणि कडेला कंसात हिंदीत 'स्वामी' असं लिहिलंय. 'स'चा 'श' होतो हे मला पहिल्याच पत्रात तू सांगितलंस आणि कोशात मात्र तुला मिळालं नाही? मी हे वाक्य महिन्याभरात चारदा वाचलं असेल, आन्नानं उच्चारसुद्धा सुधारला होता. कानावर पडलं ते डोक्यात शिरलं नाही. की मी शिरू दिलं नाही, कोण जाणे.

मग मी विचारलं. तू नको म्हणाली होतीस तरी विचारलं. हे जेवायला बसले होते.

"गाडीत दोघी होत्या?"

घास हातातच राहिला. "कोन म्हनलं?"

"आन्ना."

"तिची भाषा कळाय लागली व्हय तुला?"

"थोडी."

"व्हत्या दोघी. आपलं काम एकीचं हुतं. दुसरी दत्तोबानं उतरवली. कुठं, ते मी इचारलं न्हाय."

"का नाही विचारलं?"

"इचारलं आस्तं तर त्यानं सांगितलं आस्तं."

एवढं बोलून पुन्हा जेवायला लागले. ताट पुसून उठले, हात धुताना म्हणाले, "पोटातल्याचा इचार कर. दादाचं घर बसलं ते बघ." मारलं नाही, ओरडले नाहीत. मला वाटतं ओरडले असते तर मला रात्री झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी अंथुर्ण्याला दत्तोबाकडं कुणाच्या तरी हाती निरोप गेला. दादांना सांगितलंय की सुमनला तिच्या चुलत्यानं भेटायला बोलावलंय, चार दिवसांत परत येईल. दादांनी तिच्यासाठी इंदापूरहून नवी साडी आणून ठेवली आहे, चुलत्याकडं बरी दिसावी म्हणून.

आज सकाळी सासूबाई ज्वारी निवडत होत्या, तेव्हा नावांचं सांगितलं. आर ना, आता नको. त्यांचा सुपातला हात थांबला. "म्हंजी माझ्यावानीच की," म्हणाल्या. सासूबाई त्यांच्या माहेरी चौथी मुलगी, तुला माहीत आहे. मग विचारलं, "आन् धाकटीचं?"

"थांब."

"धाकटी कुटली?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. बागेतलं, 'बोन'चं, जीपचं. यांचंही. सासूबाई ज्वारी तशीच सुपात ठेवून उठल्या आणि मागच्या दाराची कडी काढून आल्या. एवढंच. मुलाच्या बाजूच्या आहेत की कुणाच्या, मला कळत नाही.

आम्हाला दोघींना एसटीत बसू देणार नाहीत, हे यांनी सांगून टाकलंय. तू ये. गोजरबाई उभ्या आहेत, पुढं लिहीत नाही.

वैशू


जळोची
१७ मार्च १९९६

वैशू,

तुझं पत्र आज मिळालं. ही चिठ्ठी इंदापूर गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे, तो गोजरबाईंच्या दिराला ओळखतो. सरपंचांकडे दोनदा फोन केला, तुला बोलावतो म्हणाले आणि कुणी आलं नाही.

हो, शब्द मिळाला होता. तुझं पत्र वाचता वाचताच कळला होता, तरी कोशात जाऊन 'स्व' उघडलं, वाटलं दुसरा काही अर्थ निघेल. निघाला नाही. पोटुशी बाईला असला अर्थ पत्रातून कसा कळवायचा ते मला सुचलं नाही.

दाजींनी रजा टाकली आहे. पाडव्याच्या सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं निघतो. तोवर आन्नाला उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नकोस. दत्तोबा आला तर आरडाओरडा कर, गाव गोळा कर, लाज धरू नकोस.

ताई


वरकुटे
१८ मार्च १९९६

ताई,

चिठ्ठी मिळाली. हेही त्याच कंडक्टरकडे देते, उद्या तुला मिळेल. घडायचं ते तुझी चिठ्ठी यायच्या आधीच घडलं. म्हणून पाडव्याला वरकुट्याला येऊ नका, सरळ इंदापूरला या. का ते सांगते, पण शेवटपर्यंत वाचल्याशिवाय निघू नकोस.

दत्तोबा पंधरा तारखेलाच आला. सकाळी दहाच्या सुमाराला, जीप घेऊन, एकटा. यांनी आन्नाची पिशवी बाहेर आणून ठेवली. ती नवी साडी नेसून उभी होती, तिला कुठं जायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "जाबे ना." जाऊ नकोस. तेवढ्यात सासूबाई घरातून आल्या आणि उंबऱ्यावर आडव्या बसल्या.

दत्तोबा म्हणाला, "मावशी, उठा की. येळ हुतोय."

"हिची धाकटी कुठं हाय?"

"कोन धाकटी?"

"खेंती. नाव बी ठावं हाय मला. ती कुठं हाय ते सांग, मंग मी उठते."

यांनी आईचा दंड धरला. त्या म्हणाल्या, "मल्हारी, हात काढ. तुला म्या नवसानं मागून घेतला हुता." यांनी हात काढला.

दादा सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांना भांडण दिसत होतं, कशाचं ते कळत नव्हतं. मी त्यांच्या चांगल्या कानाशी गेले. थोरल्या दिराच्या इतक्या जवळ मी कधी गेले नव्हते. ओरडून सांगितलं, तिला धाकटी बहीण आहे, दोघींना आणलं, एक वाटेत देऊन टाकली, बागेत ती तिला शोधत होती. दादांनी आन्नाकडं बघितलं. मग चालत जीपपाशी गेले, किल्ली काढली आणि मुठीत धरून उभे राहिले. त्यांना आवाज करायची सवय नाही. तोवर शेजारपाजार जमलं होतं, गोजरबाई सरपंचांना घेऊन आल्या होत्या. दत्तोबा सगळीकडं बघून म्हणाला, "आंथुर्न्याला हाय. मळ्यात. चांगली खाती-पिती हाय."

सासूबाई मला म्हणाल्या, "तू चल. तुला त्यांचं बोलनं कळतंय." दत्तोबानं जीप चालवली, दादा त्याच्या शेजारी. सरपंच, आम्ही तिघी मागं. हे खळ्यात उभे राहिले. आले नाहीत.

अंथुर्ण्याच्या अलीकडं आत वळून एक वस्ती आहे. डाळिंबाचीच बाग. धोंडाबाई म्हणून एक म्हातारी बाहेर आली. म्हणाली, मुलगी तिच्या नातवासाठी आणलीय, अजून लहान आहे म्हणून लग्न पुढच्या साली करणार, तोवर घरकाम शिकतेय. शांत आहे, बोलतच नाही. फक्त मधूनमधून बाग धुंडाळत फिरते, म्हणून दुपारी पत्र्याच्या खोलीत ठेवतो.

खोलीला बाहेरून कडी होती.

आन्नानं कडी काढली पण आत गेली नाही, दारातच खाली बसली. आतून कुणी बाहेर येईना. ती हळू आवाजात बोलत राहिली, भोय नेइ, भोय नेइ. बऱ्याच वेळानं एक मुलगी भिंतीला घासत पुढं आली. डोक्याचे केस कापलेले, आखूड. तिनं बहिणीला मिठी मारली नाही. समोर उभी राहून म्हणाली, "तुई ॲतो देरी कोरली कॅनो?"

ताई, मला पुस्तकात बघावं लागलं नाही. तू एवढा उशीर का केलास. उत्तर माझ्याकडं होतं. जानेवारीपासून आन्ना विचारत होती आणि आम्ही तिला बाग दाखवली. ते मला त्यांच्या भाषेत सांगता आलं नाही, आलं असतं तरी सांगितलं नसतं.

आम्ही सगळे त्या खोलीपाशी असताना दत्तोबा बागेतून पसार झाला. जीप तिथंच राहिली, किल्ली तो घेऊन गेला. सरपंचांनी दुसरी गाडी बोलावली आणि आम्हाला थेट इंदापूरला पोलीस ठाण्यात नेलं. सासूबाईंनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "माझ्या ल्योकाचं बी नाव लिवा. मल्हारी." लिहिणाऱ्यानं वर बघितलं. त्यांनी पुन्हा सांगितलं.

संध्याकाळी पोलीस यांना घेऊन गेले. मी भाकरी बांधून दिली. घर आता फार मोठं वाटतं. बाळ सारखं हलतं. मला यांचा राग येतो आणि दारात सायकल वाजली की मी उठून बघते. हे तुला भेटल्यावर सांगेन, लिहिता येत नाही.

दोघी बहिणी इंदापूरला सरपंचांच्या बहिणीकडं आहेत. दादा तिथंच बाहेर ओट्यावर बसून असतात. आन्नाला घरी जायचंय. दादांना मी ओरडून सांगितलं, त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मी पोचवतो दोघींला. वाट इचारत जाईन." आन्ना पुन्हा त्यांच्याकडं येईल असं मला वाटत नाही. त्यांनाही वाटत नसावं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. काल मी इंदापूरला गेले होते. खेंती आता थोडं बोलते. मी सहज, तिला बरं वाटावं म्हणून, तुझं ते पहिलं वाक्य म्हटलं, गाडीत किती मुली होत्या. आन्ना म्हणाली होती, दुजोन. खेंतीनं नाही अशी मान हलवली. तिनं माझा हात घेतला आणि त्यावर बोट टेकवत मोजलं. ट्रकमध्ये दुजोन. पण तिला बसवलं त्या जीपमध्ये आधीच चौघी होत्या. दुसऱ्या गाडीतून आलेल्या. छोयजोन, म्हणाली. सहा जणी. जीप गावोगाव थांबत गेली. एक ओढ्याकाठी उतरवली, दोघी उसाच्या फडाशी एका चुन्याच्या भिंतीच्या घरात. अंथुर्ण्याला ती स्वतः उतरली तेव्हा आत एकच राहिली होती.

पोलिसांना सांगितलं. ते म्हणाले, पत्ता द्या. पत्ता कुठून देणार? गोजरबाई आसपासच्या अंगणवाडीतल्या बायकांना विचारताहेत, नवी सून कुणाकडं आलीय, बोलत नाही, बाहेरून कडी असते. दत्तोबा मोकळा आहे. त्या चौघींना तो हलवायच्या आत सापडायला हव्यात.

येताना कोशातली आणखी वाक्यं लिहून आण. सराफ गल्लीतल्या बाबांनाही आण, आता बोभाट्याची भीती राहिली नाही. पण निघण्याआधी एक कर. जीपमध्ये जी शेवटी राहिली, तिला ड्रायव्हर एक नाव पुन्हा पुन्हा सांगत होता, कुठं उतरायचं त्याचं. खेंतीला ते पाठ झालंय. तिच्या तोंडून ऐकलं तर 'जोलोची' असं येतं. तुझ्या नियमानं पहिल्या 'ओ'चा 'अ' करून बघ.

ताई, तुमच्या गल्लीत या पौषापासून कुणाकडं नवी सून आली आहे का?

तुझी
वैशू